तिसऱ्या सिलिंडरची वायर

हॉकर गावात क्लेम टॉस्लिनचं गॅरेज म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. एकेचाळीस वर्षं तो तिथं गाड्या दुरुस्त करत होता. आसपासच्या मेंढीवाल्यांचा त्याच्यावर इतका भरवसा की काय केलंस असं कुणी विचारत नसे. झाली का, एवढंच विचारत.

पर्सी वॉगन हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. पर्सीच्या बायकोची, आयरिसची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी पोर्ट ऑगस्टाला न्यावं लागे. जायला शंभरावर किलोमीटर, यायला तेवढेच. जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, पर्सीची डिझेल गाडी वाटेत अडखळायला लागली.

"क्वॉर्न गावापर्यंत झकास येते," पर्सी म्हणाला. "पुढं घाट लागला की थरथरते. ओढच राहत नाही."

"मालकावर गेलीय."

"माझं राहू दे. गाडी बघ."

क्लेमनं कॉम्प्युटर लावला. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे चारपैकी एक सिलिंडर मध्येच काम सोडत होतं. त्यानं तिसऱ्याचा डिझेल फवारणारा इंजेक्टर पहिल्याला लावला आणि पहिल्याचा तिसऱ्याला. दोष तिसऱ्यातच राहिला, म्हणजे इंजेक्टर शाबूत होता. डिझेलचा फिल्टर बदलला, कुठून हवा शिरतेय का पाहिलं, सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, मोजलं. सगळं ठीक. इंजेक्टरच्या वायरीही त्यानं तपासल्या, पण गार इंजिनावर आणि जोडाच्या टोकाशी.

शेडमध्ये गाडी घड्याळासारखी चालायची. रस्त्यावर तापली की पुन्हा तेच. पर्सी तीन वेळा गाडी घेऊन परत आला. तिसऱ्या वेळी आयरिसही सोबत होती. डायलिसिसनंतर गळून गेलेली, खिडकीला डोकं टेकवून बसलेली.

"क्लेम, जमत नसेल तर सांग रे," ती म्हणाली. "आम्ही दुसरीकडे दाखवू. राग नाही यायचा आम्हाला."

हे त्याला लागलं. "जमेल," तो म्हणाला.

त्यानं इंजिनाचा वरचा भाग, सिलिंडर हेड, उतरवला. तेवढे दिवस त्यांना स्वतःची गाडी वापरायला दिली. एक व्हॉल्व्ह जरासा झिजलेला निघाला. चोर सापडला असं वाटून क्लेमला हायसं वाटलं. व्हॉल्व्ह बदलून, सगळं जोडून, त्यानं तीस किलोमीटर गाडी पळवली. एकदाही अडखळली नाही. चावी देताना तो म्हणाला, "आता खुशाल जा."

पाचव्या दिवशी, बेचाळीस डिग्रीच्या उन्हात, गाडी घाटात बंद पडली. फोनला रेंज नव्हती. मागून गाडी यायला दोन तास लागले. त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आयरिसला श्वास घेता येईना, फुप्फुसात पाणी झालं होतं. अ‍ॅम्ब्युलन्सनं नेलं. ती वाचली, पण डॉक्टरांनी बजावलं की यापुढं हॉस्पिटलच्या जवळच राहायचं. सेहेचाळीस वर्षांचं घर सोडून दोघं पोर्ट ऑगस्टातल्या दोन खोल्यांत गेली.

गाडी ओढून आणून शेडमध्ये ठेवली होती. क्लेमनं बाकीची कामं परत पाठवली आणि रोज दिवसभर तिच्यापाशीच राहिला. नवव्या दिवशी त्यानं इंजिन मुद्दाम खूप तापू दिलं आणि चालू असतानाच एकेक वायर लाकडी काठीनं हलवत गेला. एका ठिकाणी काठी टेकली आणि इंजिन लंगडलं. काठी काढली, सुरळीत. पुन्हा टेकली, लंगडलं.

तिसऱ्या इंजेक्टरची वायर इंजिनावरच्या लोखंडी पट्टीच्या मागून गेली होती. जायला हवी होती पुढून. तिथं घासून तिचं वरचं आवरण गेलं होतं. इंजिन तापून हललं की तांबं लोखंडाला टेकत होतं. ती पट्टी दोन वर्षांपूर्वी, पाण्याचा पंप बदलताना, क्लेमनंच काढून बसवली होती. आता हेड उतरवलं तेव्हाही वायर त्यानं होती तशीच परत घातली होती.

त्यानं इंजिन बंद केलं आणि तिथंच जमिनीवर बसला. उठावंसंच वाटेना.

वायर दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन पोर्ट ऑगस्टाला गेला. घाटात ती एकदाही अडखळली नाही. दोघांसमोर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. पट्टी, वायर, पंप, काही लपवलं नाही.

पर्सी उठून चहाचं पाणी ठेवायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

आयरिसनं विचारलं, "म्हणजे तू स्वतः केलेलं काम तेवढं सोडून बाकी सगळं तपासलंस?"

"हो."

"मग आमचं घर..." ती खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत राहिली. "बस. उभा का आहेस?"

क्लेम बसला. चहा आला, पण त्याच्याकडून प्यायला गेला नाही. निघताना त्यानं चावी पुढं केली. पर्सीनं हात पुढं केला नाही. "ठेव तिथं टेबलावर," म्हणाला. "आता जायचंय कुठं आम्हाला?"

हमरस्त्यावर उभं राहून क्लेमनं एका मेंढ्यांच्या ट्रकला हात केला. ट्रकवाला गप्पिष्ट होता. क्वॉर्न येईपर्यंत पाऊस, लोकर, पोरीचं लग्न, सगळं बोलून झालं. मग त्यानं विचारलं, "तुम्ही काय करता, बाबा?"

"गॅरेज होतं," क्लेम म्हणाला.