क्रियापद येण्याआधी

आमच्या थोरल्या साडूंनी समोरच्याचं एखादं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलंय, असं सोलापुरात कुणी पाहिलं असेल तर त्यानं मला येऊन भेटावं, मी त्याच्या पायावर डोकं ठेवीन. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. मी शाळेत मराठी शिकवतो, आणि आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं हे पोरांच्या डोक्यात भरण्यात माझी हयात गेली. 'आहे' की 'नाही', 'हवं' की 'नको', हे कळायला आपल्याकडं शेवटच्या शब्दापर्यंत थांबावं लागतं. नेमकं तेवढंच दाजींना जमत नाही. तुम्ही कर्ता उच्चारून कर्माकडं वळलात, की त्यांच्या डाव्या पायाची टाच उडायला लागते, मान भराभरा हलते, आणि तुमचं क्रियापद घशात असतानाच ते आपल्याकडचं एक लावून वाक्य संपवून टाकतात. त्यातून माझं बोलणं जन्मापासून सावकाश. दाजींसमोर मी आजवर पुरी केलेली वाक्यं दोन हातांच्या बोटांवर मोजून उरलेल्या बोटांनी डोकं खाजवता येईल.

होटगी रोडला त्यांचं नळ-पाइपांचं दुकान आहे. आमच्या गावात नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं, त्यामुळं 'नळ आले का' ही इथली खरी विचारपूस. एकदा शेजारच्या पिठाच्या गिरणीचे काका दुकानाच्या पायरीवर येऊन 'तुमच्याकडं नळ' एवढंच म्हणाले, तोवर दाजींनी काउंटरवर सहा नमुन्यांचे नळ मांडले, त्यातला एक पिळून दाखवला, आणि वॉशर कसा बदलायचा तेही सांगून झालं. काका बिचारे पाणी आलंय का एवढंच विचारायला आले होते. ते उमगायला पाव तास गेला आणि तेवढ्यात आलेलं पाणीही गेलं. दाजींना कन्नडही घरच्यासारखं येतं, पण दैव असं, की कन्नडमध्येही हवं-नको शेवटीच सांगतात. अक्कलकोटचे एक म्हातारे व्यापारी 'नमगं च्या', म्हणजे 'आम्हाला चहा', एवढं म्हणून खोकले, की दाजींनी पुढं 'बेकु', म्हणजे 'हवा', लावून चहा मागवलाच. त्यांना 'बेडा' म्हणजे 'नको' म्हणायचं होतं, कडक उपास होता. म्हातारबुवा समोरच्या कपाकडं हात जोडून बसले आणि दाजी 'निवतोय की, घ्या' म्हणत राहिले.

ऐकण्याचंच असं नाही, थांबणं हा प्रकारच त्यांच्या अंगात नाही. लिफ्टचं बटण दाबतात आणि जिन्यानं निघतात. पंगतीत शेवटचा भात यायच्या आत हात धुऊन उभे. होटगीचा किस्सा तर आमच्या सगळ्या गोतावळ्याला पाठ आहे. विजापूरहून आम्ही दोघं रेल्वेनं परत येत होतो. सोलापूर जवळच आलं होतं, पण होटगीला गाडी क्रॉसिंगला उभी राहिली. दाजी दारात जाऊन आले, खिडकीतून वाकून आले, घड्याळ बघितलं, माझंही बघितलं. मी 'दाजी, ही गाडी आत्ता' एवढं म्हणेपर्यंत 'सुटत न्हाय, कळालं की' म्हणून पिशवी उचलून उतरलेसुद्धा. गाडी लगेच सुटली. मी घरी येऊन, अंघोळ करून, भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन दारात बसलो होतो, तेव्हा दाजी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून दोन शेळ्यांच्या शेजारून उतरले. वर मलाच म्हणाले, बसून राहिलो असतो तर अजून तितंच असतो.

पण याच घाईनं माझ्या घरावरचं एक संकट टळलंय, ते विसरलो तर मी माणूस नव्हे. माझे वडील एका सकाळी न्हाणीत पडले. मी फोन लावून 'दाजी, अण्णांना' इतकंच म्हणालो आणि फोन कट झाला. मी घाबरून पुन्हा लावतोय तोवर रिक्षा दारात. दाजींच्या एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट. अण्णांना त्यांनी लेकरासारखं उचललं. दवाखान्यात डॉक्टर विचारत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, तेव्हा माझी सगळी वाक्यं दाजींनी पुरी केली, आणि त्या दिवशी एकही चुकलं नाही. अण्णा वाचले. आठवड्यानं मी अण्णांना आता बरं वाटतंय हे सांगायला फोन केला, तर 'अण्णांना' ऐकूनच ते पुन्हा रिक्षा घेऊन हजर, या वेळी उचलायला दोन माणसांसकट. अण्णा पेपर वाचत बसले होते. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मी रागावतो, पण वाक्य पुरं होत नाही.

अक्का, म्हणजे दाजींची बायको, हिनं मात्र फार वर्षांपूर्वी हात टेकले. माहेरी वळसंगला गेली की ती अखंड बोलते, भावजयांना हसवून हसवून लोळवते. इथं नवऱ्यासमोर एकेकच शब्द. 'जेवण.' 'गोळी.' 'गॅस.' एका शब्दाच्या मधे कुणाला घुसता येत नाही, हे तिनं शोधून काढलंय. दाजींना वाटतं, आमच्या हिचा स्वभावच अबोल. त्यांची लेक शिवलीला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. शांत मुलगी, बोलताना मधेच थांबून नेमका शब्द निवडते. ते थांबणंच तिच्या अंगाशी आलं.

मागच्या उन्हाळ्यात तिला कुंभारीकडचं एक स्थळ आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, घरचे लोक भले. बघण्याच्या कार्यक्रमाला मी आणि माझी बायको हजर होतो. मुलगा-मुलगी गच्चीवर पाच मिनिटं बोलून आली, पाहुणे पोहे खाऊन गेले. मग दाजींनी लेकीला समोर बसवलं आणि म्हणाले, तुझ्या मनात काय असंल ते सांग, जबरदस्ती न्हाय. हे ते अगदी मनापासून म्हणाले, त्याबद्दल मी शपथ घेईन. शिवलीला म्हणाली, "बाबा, मला मुलगा पसंत" आणि तिनं श्वास घेतला. त्या एका श्वासात दाजींनी 'हाय' लावलं, मोबाइल काढून मुलाच्या वडिलांना कळवलं, येत्या रविवारचा साखरपुडा ठरवला आणि आमच्या तोंडात पेढे कोंबले. पोरीचं तोंड अजून उघडंच होतं. ते मी पाहिलं. हे वाक्य संपलेलं नाही एवढं मराठीच्या मास्तराला कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. तरी मी पेढा गिळला, अजून त्याची लाज वाटते.

सोमवारी शाळा सुटायच्या वेळेला शिवलीला फाटकाशी उभी. "काका," ती म्हणाली, "माझं वाक्य राहिलंय." मुलगा तिला पसंत नव्हता. पाहुणे गेल्यापासून चारदा बापाला सांगायला गेली होती. 'बाबा, साखरपुडा' म्हटलं की दाजी 'थाटात करू' म्हणत, 'बाबा, मला पुण्याला' म्हटलं की 'लई आवडंल बघ' म्हणत. मी तडक दुकानात गेलो आणि म्हणालो, दाजी, शिवलीलाला हे लग्न करायचं. पुढचा 'नाही' ओठांवर होता, तोवर 'लवकर, व्हय, मलाबी तसंच वाटतं' म्हणून ते आचाऱ्याला फोन लावायला आत गेले. मग मी मोबाइलवर सविस्तर लिहून पाठवलं. दाजी वाचतानाही पहिल्याच ओळीला थांबतात. उत्तरादाखल अंगठा आला. बुधवार गेला, गुरुवार गेला. बायको दर तासाला विचारायची, काही सुचलं का. साखरपुड्याची साडी आली, पाहुण्यांना आवतणं गेली, आणि तिकडं लेकीनं बोलणंच सोडलं. तिचंही आता 'हो', 'नको', 'नंतर' सुरू झालं. आणखी एक अक्का तयार होत होती.

सुचलं ते शुक्रवारी, आठवीला वाक्यरचना शिकवताना. एका पोरानं वाक्य उलटं लिहिलं, क्रियापद सगळ्यांत पुढं. नेहमीसारखा मी ते खोडायला गेलो आणि खडू हातातच राहिला. शाळेतूनच शिवलीलाला फोन केला, आणि संध्याकाळी आम्ही सगळे दाजींकडं जमलो. दाजी दिवाणखान्यात फेऱ्या मारत मंडपवाल्याशी बोलत होते. फोन ठेवल्याबरोबर शिवलीला त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नाही."

दाजींची टाच उडायला लागली. पण पुढं लावायला काही नव्हतंच, शेवटचा शब्द तर तिनं आधीच वापरला होता. साडी आवडली न्हाय का, त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. पुरणपोळी नको का, रविवार जमत न्हाय का, असं करत करत त्यांचे सगळे अंदाज संपले. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "काय न्हाय, बाळा?" आणि ते थांबले.

"नाही पसंत मला मुलगा," शिवलीला म्हणाली. "तो वाईट नाही, बाबा. पण गच्चीवर पाच मिनिटं होतो, त्यानं माझं एकसुद्धा वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मला जन्मभर अर्धं बोलायचं नाही."

दाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं. मग लेकीला विचारलं, झालं का तुझं बोलून? ती म्हणाली, झालं.

शनिवारी ते मला घेऊन कुंभारीला गेले. मुलाच्या वडिलांनी त्यांना अर्धा तास फैलावर घेतलं, शब्द फिरवणारा माणूस म्हणाले, आणखी नको नको ते म्हणाले. दाजी मान खाली घालून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत बसले. येताना वाटेत त्यांनी माझं एकही वाक्य तोडलं नाही. मला करमेना, गाडी चालवताना मी दोनदा त्यांच्याकडं वळून पाहिलं.

रविवारी, साखरपुडा व्हायचा होता त्या दिवशी, मी सहज त्यांच्याकडं गेलो. शिवलीला मैत्रिणीकडं गेली होती. दाजी खुर्चीत नुसते बसून होते, आणि हे दृश्यच मला नवं होतं. ते म्हणाले, "मास्तर, वळसंगला मी हिला बघाय गेलो, तवा सासऱ्यांनी सगळ्यांदेखत हिला विचारलं. ही 'पसंत' म्हणाली आन् थांबली. पुढचं 'हाय' मीच म्हणालो. सगळे हसले. इतकी वर्षं मी ही गंमत लोकांना हसत सांगतोय." त्यांनी अक्काला हाक मारली. ती पदराला हात पुसत बाहेर आली. त्यांनी विचारलं, त्या दिवशी तुला काय म्हणायचं होतं?

अक्कानं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "त्याला लई वर्षं झाली. ते आता मला आठवत" आणि आत दूध उतू गेल्याचा वास आला तशी ती वळून गेली.

'हाय' की 'न्हाय', दोन्ही शब्द त्या खोलीत तरंगत होते, आणि दाजींनी त्यातला एकही उचलला नाही. मी हळूच उठलो आणि 'दाजी, मी आता' म्हणालो, तर त्यांनी स्वयंपाकघराच्या दारावरची नजर न काढता मला हातानंच गप्प केलं. आत पातेलं उतरवल्याचा आवाज आला, मग गॅस बंद केल्याचा. अक्का बाहेर आली नव्हती. दाजी थांबले होते.