खाडीचा हिशेब

पाणी छातीला लागलं तेव्हा माझ्या धाकट्या जावेचा हात सुटला. पायाखालचा दगड सरकला आणि ती बसल्यासारखी खाली गेली. मी तिचा अंबाडा धरून तिला वर ओढली. खारं पाणी थुंकत ती म्हणाली, "तू तं बारा बोललीस ना गो, बाय!"

मी बारा बोलले होते, आणि अजून साडेअकराच वाजले होते. मागे अलिबागचा किल्ला, पुढे किनारा, मधे आम्ही दोघी म्हाताऱ्या. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि तिला पोहायला येत नाही. चूक माझी होती, म्हणून ती कशी झाली ते मीच सांगते.

मुंबईहून निघणारी एका दिवसाची सहल होती, किनाऱ्यावरची रंगीत गावं दाखवणारी. सुनेने मोबाईलवरून आम्हा दोघींच्या जागा ठेवल्या. बसने आम्हाला पहाटे सीवूड्सला घेतलं. बाकी सगळे टॉवरमधले, टोप्या आणि गॉगल घातलेले. गाईड पन्नाशीची बाई होती, आवाज खणखणीत. ती म्हणाली, "ओहोटी आहे तोवर चालत किल्ला बघू, मग कोळीवाड्यातली रंगवलेली घरं. अकराच्या आत सगळ्यांनी किनाऱ्यावर यायचं. नंतर पाणी चढतं."

मी जावेला कोपर मारलं. "ही आपल्याला पानी शिकवते."

आमचं घर घणसोली गावात. आता खाली दुकानं आणि वर भाडेकरू आहेत, पण लग्न होऊन आले तेव्हा आम्ही दोघी खाडीवरच राबायचो. शाळा मी चौथीपर्यंत शिकले. पाण्याचा हिशेब मात्र सासऱ्यांनी शिकवला. तिथीची पाऊणपट करायची आणि त्यात एक तास घालायचा, तेव्हा पूर्ण भरती. त्या दिवशी पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार, एक तास घातला की पावणेपाच. त्याआधी सहा तास, म्हणजे पावणेअकरापर्यंत पाणी उतरतच राहणार. मग चढायला लागलं तरी बारापर्यंत चालायला काही अडचण नाही. हा हिशेब आयुष्यात कधी चुकला नव्हता.

घोट्याएवढ्या पाण्यातून किल्ल्यावर पोचलो. लोक फोटो काढत होते. तटाच्या मागे गेलो तर खडकांवर कालवं. आमच्या खाडीत आता खाण्यासारखं काही राहिलं नाही, कारखान्यांचं पाणी येतं. इतकी वर्षं कालवं बाजारातून आणलेली. दोघी खाली बसलो, एक टोकदार दगड घेतला आणि फोडायला लागलो. नाश्त्याचा डबा रिकामाच होता.

गाईड बाई बोलवायला आली. "आजी, चला, निघायची वेळ झाली."

"तुमी व्हा पुढे. आमी खाडीच्या हाव."

"खाडीच्या असलात तरी हा समुद्र आहे."

मी मान वर केली नाही. जाऊ उठायला लागली होती, तिला मी पदर धरून बसवली. "बस गो. वेळ हाय." ती बसली. खाडीवर होतो तोवर ती माझ्याच हिशेबावर पाण्यात उतरली होती, त्या दिवशी का शंका घेईल?

डबा भरला आणि निघालो. सुरुवातीला पाणी पोटरीला होतं, मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मधे आलो तर मांडीला, मग कमरेला. खाडीत पाणी एका बाजूने हळूहळू चढतं. इथे ते दोन्ही बाजूंनी आलं. तिला वर ओढल्यावर मी दोन्ही हातांनी तिला धरून उभी राहिले. पाऊल पुढे टाकता येईना. ओरडले, पण किनारा लांब होता.

"बाय, मना सोड आनि तू जा," ती म्हणाली.

"गप उभी रहा. डबा पन सोडू नको," मी म्हटलं. तिला काहीतरी धरायला हवं होतं म्हणून बोलले.

मग किल्ल्यावर माणसांची ने-आण करणारी घोडागाडी दिसली. गाईड बाईने किनाऱ्यावर माणसं मोजली, दोन कमी भरली, तेव्हा तिने शेवटची गाडी परत पाण्यात घालायला लावली होती. घोडा नाकाने फुरफुरत आला. गाडीवाल्याने आधी जावेला काखेत हात घालून वर घेतलं, मग मला.

"कुठल्या तुम्ही?"

"घनसोलीच्या."

तो हसायलाच लागला. "तरीच! अहो, आमच्याकडून निघालेलं पाणी तुमच्याकडे तासाने पोचतं. तुम्ही तुमच्या खाडीचं घड्याळ घेऊन इथे आलात."

तो एक तास. सासऱ्यांनी तो का घालायला सांगितला ते मी कधी विचारलं नव्हतं.

किनाऱ्यावर गाईड बाई पुढे आली. तिने आपली शाल जावेला गुंडाळली. दुपारी कोळीवाडा बघितला. निळी, गुलाबी, पोपटी घरं, दारात सुकट वाळत घातलेली. जाऊ एका ओट्यावर उन्हात साडी सुकवत बसली आणि घरांपेक्षा तिच्याकडेच जास्त वेळ माझं लक्ष होतं. माफी मागितली नाही. आमच्यात ती पद्धत नाही. घरी येऊन कालवांचं कालवण मी केलं आणि पहिली वाटी तिला दिली.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

आता कुठे पाण्यापाशी जायचं झालं तर ती मला विचारत नाही, तिथल्या माणसाला विचारते. बरोबर करते. त्या पाण्यातून आम्ही दोघीही जिवंत आलो, ते काही माझ्या हिशेबाने नाही.