हात लावायचा नाही

मिलिटरीत सतरा वर्षं नर्सिंग असिस्टंट म्हणून काढून दादासो काळेल गावी आले आणि वडूजजवळच्या ट्रस्टच्या दवाखान्यात लागले. तेव्हा तिथं एक डॉक्टर, एक सिस्टर आणि दादासो, एवढ्यावरच कारभार. मलमपट्टी, प्लास्टर, सलाईन, अडीनडीला टाकेसुद्धा दादासोंच्याच हातचे.

दरवर्षी ट्रस्टच्या सभेत ते उभे राहायचे. "आवं, माणसं वाढवा. सिस्टर एकीपाशी अडकली की बाकीच्यांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" पोटतिडकीनं बोलायला कारण होतं. ते मिलिटरीत असताना त्यांची धाकटी बहीण अंजना इथंच बाळंतपणात गेली होती. रक्त थांबेना, डॉक्टर ऑपरेशनमध्ये आणि सिस्टर रजेवर.

अकरा वर्षांनी माणसं आली. अस्थिरोग, प्रसूती, बालरोग, अपघात. प्रत्येक विभागाला आपापले डॉक्टर, आपापल्या सिस्टर. दादासोंनी पेढे वाटले. प्रसूती विभागात सहा सिस्टर एकदम उभ्या बघून मात्र ते मागच्या बाजूला जाऊन रडून आले.

मग सगळ्यांची कागदपत्रं तपासली गेली. दादासोंचा मिलिटरीचा दाखला इथं चालत नव्हता. "काका, आता पेशंटला हात लावायचा नाही," नव्या अधीक्षक राजेश्वरी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "नियमच आहे." त्यांना दारातल्या टेबलावर बसवलं. कुठला विभाग कुठं, एवढंच सांगायचं.

एका सोमवारी मेंढक्यांच्या वस्तीवरची हरणाबाई हाताला फडकं गुंडाळून आली. कोयता लागला होता.

"दादासो, तुमीच बांधा की. मागं टाकं तुमीच घातलं हुतं."

"हरणाबाई, उजव्या हाताला जावा. डाक्टर हायती तिकडं."

"न्हाई. माझी तिकडं वळख न्हाई."

फडक्यातून रक्त ठिबकत होतं. दादासोंनी तिचा हात वर धरला आणि आपला रुमाल जखमेवर दाबला. तेवढ्यात अपघात विभागाची तरुण सिस्टर राणी धावत आली आणि तिला आत घेऊन गेली. जखम धुतली, डॉक्टरांनी टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. दादासो दारातून बघत राहिले. नाव ठेवायला कुठं जागा नव्हती. तेच त्यांना जास्त लागलं.

दुपारी त्यांच्याकडं लेखी खुलासा मागितला. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या: "रक्त जात होतं. मी दाबून धरलं." खाली राजीनामा.

आता ते मेंढरांमागं जातात. शेजारचं कुणी कापलेलं बोट घेऊन आलं, तर 'दवाखान्यात जा' म्हणतात आणि हात पाठीमागं बांधून उभे राहतात.