राबाचा चटका

बाबांच्या टाचेवरचा डाग मी होळीला पाहिला. चूक झाली ती त्याच दिवशी. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं मी स्वतःला सोडवण्यासाठी सांगते आहे असं वाटेल.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी मुंबईत एका प्रयोगशाळेत कामाला होते. मोखाड्याकडच्या आमच्या पाड्यातून जव्हारच्या कॉलेजात आणि तिथून एमएस्सीला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे नाक जरा वर होतंच. काम होतं त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींवर. गुलाबी द्रवात त्या वाढवायच्या आणि मग त्यांना छळायचं. कधी साखर तोडायची, कधी ऑक्सिजन कमी करायचा, कधी तासभर गरम पाण्यात ठेवायचं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीच्या आतल्या चुली, अन्न जाळून ताकद पुरवणाऱ्या. छळ झाल्यावर त्या चुली काय करतात, ते पाहायचं. बऱ्याच पेशी मरायच्या. उरायच्या त्या चिवट. एक इंधन बंद झालं की दुसऱ्यावर भागवायच्या, आणि एकदा चटका सोसला की पुढच्या चटक्याला दाद द्यायच्या नाहीत. नळी यंत्रात फिरवली की त्या तळाशी गोळा व्हायच्या, मसुरीएवढा काळा ठिपका. असे ठिपके मी रोज पाहत होते.

होळीला घरी आले तेव्हा बाबा राब भाजत होते. भात-नागलीचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरायचं आणि पावसाआधी जाळायचं, तो राब. आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून हातात हिरवी डहाळी घेऊन तिच्या कडेनं फिरायचं, तेही अनवाणी. तळपायाला चटका दिसला नाही तर शेजारी विचारतात, यंदा राब कोणाकडून भाजून घेतलास? म्हणून आमच्याकडे पायाला काही काळं दिसलं की ते राबाचं, हे ठरलेलं.

आई म्हणाली, "याच्या टाचंला काळं झालंय. गेल्या सालापासून हाय. बघ जरा, तू शिकलीस ना."

बाबांनी ओट्यावर बसून पाय पुढे केला. मी टाचेवरची राख पुसली आणि पाय उजेडाकडे वळवला. डाग मसुरीहून मोठा होता, कडा वाकड्यातिकड्या. मी दाबून पाहिला.

"दुखतं?"

"नाय."

"राबाचा चटका आहे, जुना. भरून येईल," मी म्हणाले आणि हात धुवायला उठले.

न दुखणारा चटका वर्षभर तसाच कसा राहील, हा साधा प्रश्न मला पडला नाही. त्या शिकलेल्या बाईचा, म्हणजे तेव्हाच्या माझा, मला आजही राग येतो. नळीच्या तळाशी होता तोच काळा रंग होता, पण तिनं तो काचेबाहेर कधी पाहिलेलाच नव्हता.

आणि माझ्या शब्दाला घरात किंमत आली होती, हीच खरी पंचाईत. पाड्यावर येणाऱ्या नर्सबाईंनी दोनदा सांगितलं, जव्हारला दाखवून या. बाबांनी दोन्ही वेळा सांगितलं, "माजी पोरगी कातड्याचंच शिकते. तिनं बघितलंय." पावसात डाग फुटला आणि त्यातून पाणी येऊ लागलं, तेव्हा आईनं भगताकडून डाम देववला. तापलेल्या विळ्याचं टोक टेकवून डाम देतात. लहानपणचे दोन माझ्याही पोटावर आहेत.

दिवाळीत आले आणि पाय पाहिला. भोवतालची चांगली कातडी भाजून पांढरी पडली होती. मधलं काळं मात्र तसंच, उलट वर आलेलं. या वेळी मी ओळखलं. जांघेत हात लावला तर तिथे गाठ होती. डामामुळे ते वाढलं असं मी म्हणणार नाही, शास्त्र इतकं सरळ नसतं. तरी भगताच्या दारात जाऊन मी त्याला नाही नाही ते बोलले. कोणावर तरी ओरडायला हवं होतं.

जव्हारच्या डॉक्टरांनी पाहताच मुंबईला पाठवलं. मुंबईच्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टर कागद भरत होते. डाग कधीपासून आहे, आधी कोणाला दाखवला होता का, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाबा बोलले.

"कुणाला नाय दावला, साहेब. ही हितं मुंबईला असते. हिला म्या सांगितलंच नाय."

बाबांना खोटं बोलता यायचं नाही. बोलावं लागलं तर ते जमिनीकडे बघायचे. आताही ते फरशीकडे बघत होते. आई त्यांच्या बाजूलाच उभी राहून हे ऐकत होती. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात शिकलेलं माणूस असून इतका उशीर?" मी मान खाली घातली. खरं सांगायला तेवढाच क्षण होता, आणि मी तो जाऊ दिला.

पाय गुडघ्याखाली कापला. पण ते तोवर फुप्फुसात गेलं होतं. पुढच्या राबाच्या वेळी बाबा नव्हते. त्या वर्षी राब आईनं एकटीनं भाजला.

तो कागद अजून घरी, आईच्या पेटीत आहे. 'आधी कोणालाही दाखवले नाही', असं त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं आहे. आईला वाचता येत नाही. पेटी आवरताना एकदा तो तिच्या हाती लागला, तिनं माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "यात काय लिवलंय?"

"पायाचं लिहिलंय," मी म्हणाले.

तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग घडी करून तो परत पेटीत, बाबांच्या सदऱ्याखाली ठेवला.