मृत्युपत्रातला ‘मी’

बाबा गेल्यानंतर त्यांचं मृत्युपत्र वाचून दाखवायला वकील घरी आले. “मी पूर्ण शुद्धीवर असून माझी प्रकृती उत्तम आहे,” त्यांनी वाचायला सुरुवात केली. मृत्युपत्र लिहिताना माणूस आपण नसू असं धरून चालतो. ते वाचलं जातं तेव्हा मात्र तो समोर बसल्यासारखा बोलतो.

“अहो,” आई एकदम म्हणाली, “मग रात्ररात्र खोकत का होतात?”

वकिलांनी दचकून मान वर केली. आई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती बाबांच्या खुर्चीकडे बघत होती. त्या सुरातलं ‘अहो’ तिने आजवर फक्त त्यांनाच म्हटलं होतं.

वकील कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. पुढचं वाक्यही ‘मी’नेच सुरू होत होतं.