थोरलीचे पाय

थोरली जाऊ मासे पायांनी पकडायची. ओहोटी लागली की गुडघाभर पाण्यात उतरायची आणि वाळूवरून अनवाणी, हळूहळू सरकत चालायची. लेपा हा तळहाताएवढा चपटा मासा. अंगावर वाळू ओढून तळाशी निपचित पडतो, वरून कुणाच्या बापालाही दिसत नाही. तळव्याखाली वळवळ जाणवली की थोरली पाय तसाच दाबून धरायची आणि वाकून त्याला टोपलीत टाकायची. धाकट्या जावेला तिनंच हे शिकवलं होतं. नवरे दोघींचेही लवकर गेले. मग एक खोली, एक चूल आणि दिवसभर एकमेकींची उणीदुणी, असा त्यांचा संसार.

पुढे थोरलीला साखरेचा आजार जडला, आणि तिची टोपली हलकी राहू लागली. "मासेच उरले नाहीत," ती म्हणायची.

एकदा पाणी नितळ होतं. थोरलीच्या पायाखालून वाळूचा लोट उठला, लेपा सुळकन निसटला आणि थोरली पुढे चालतच राहिली. धाकटीनं ते मागून पाहिलं. त्या दिवसापासून ती आपले मासे गुपचूप थोरलीच्या टोपलीत टाकू लागली.

थोरली काही दुधखुळी नव्हती. "उपकार करतेस होय गं माझ्यावर?"

"कसले उपकार, ताई? तुझेच आहेत ते."

"माझे? मला आता पायाखालचं काही कळत नाही. कापसावरून चालल्यासारखं वाटतं."

"मग उद्यापासून काठावर बस."

"काठावर बसून काय करू? माशा मारू?"

दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशी थोरली पुन्हा पाण्यात उतरली.

एका दुपारी धाकटी मागाहून घरी आली, तर दारापासून चुलीपर्यंत रक्ताची पावलं उमटलेली. थोरली निवांत भांडी घासत होती.

"ताई, पाय बघ!"

शिंपल्यानं तळवा उभा चिरला होता. जखम चिघळली, काळी पडली. शेवटी डॉक्टरांनी तो पाय गुडघ्याखाली कापला.

घरी आणल्यावर धाकटी रोज तिच्या उरलेल्या पायाला तेल चोळायची. एकदा तिनं तळवा अंगठ्यानं दाबून विचारलं, "कळतंय का काही?"

थोरली खिडकीबाहेर बघत होती. "कळतंय की," ती जरा वेळानं म्हणाली. "तुझे हात किती खरखरीत झालेत गं."

धाकटीनं हात केव्हाच काढून घेतला होता.