कॉम्प्रेसरवरचे दोन ठोके

आधी माफी मागतो. या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यावारी नेले, आणि आता स्वतःच लिहायला बसलो आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलंय. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता… आजही आहे असं म्हणवत नाही. आमचं मराठी घरापुरतं, तेव्हा लिहिण्यात चुका होतील. पण राग पोटात मावत नाही, म्हणून लिहितो.

आम्ही जबलपूरला घमापुरात राहतो. बाबा फौजी ट्रकांच्या कारखान्यात फिटर आहेत. माझा मोठा भाऊ सुधीरदादा सदर बाजारात मिश्राजींच्या दुकानात गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. मग फौजेत गेला, तिथेही गाड्यांचा मेकॅनिकच झाला. कारगिलची लढाई सुरू झाली तेव्हा तो तिकडे वर, पहाडात होता, आणि त्याची खबर यायची बंद झाली. बाबा डबल शिफ्ट करत होते. कॉलेजला सुट्ट्या होत्या, म्हणून दादाच्या जागी मी दुकानात जाऊ लागलो.

तिथे दादाने एक पद्धत लावली होती. इंजिन चालू असलं की बॉनेटखालून मारलेली हाक आत ऐकू जात नाही. म्हणून बॉनेटखालचा माणूस पान्याने ठोकून सीटवरच्याला सांगायचा. एक ठोका — एसी लाव. तीन — रेस दे. दोन — सगळं बंद. दोन ठोके आले की काहून, कशाला, विचारत बसायचं नाही; कुणाचा तरी हात इंजिनच्या फिरत्या पट्ट्याजवळ असू शकतो. दादा असताना मी त्याचा डबा घेऊन दुकानात जायचो; त्याचे दोन ठोके मी झोपेतही ओळखले असते. पहिला हलका, दुसरा जोरात.

कॅन्टोन्मेंटातल्या एका डॉक्टरसाहेबांची पांढरी गाडी आली. एसी लावला की थोड्या वेळाने ठकठक. मिश्राजींनी लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचं, एक टोक कॉम्प्रेसरला लावलं, दुसरं कानाला. "बेअरिंग गया." बेअरिंग बदललं. गाडी परत आली. कॉम्प्रेसरचा क्लच बदलला. गाडी पुन्हा परत.

"मिश्राजी, आप रिपेयर करते हैं या मेरी गाड़ी पे सीख रहे हैं?" डॉक्टर म्हणाले.

मिश्राजींनी तो राग माझ्यावर काढला. "क्यों कॉलेज वाले बाबू, बोल्ट कसा था?"

"कसा था, भैयाजी."

"तो फिर फिजिक्स बोल रहा है अंदर से?"

रागारागात त्यांनी कॉम्प्रेसरचा पट्टाच काढून टाकला. आता कॉम्प्रेसर फिरणारच नव्हता. "अब बज के दिखा," ते त्या कॉम्प्रेसरला म्हणाले. मी सीटवर होतो. गाडी चालू केली, एसीचं बटण दाबलं. काहीच नाही… आणि मग आलं. टक — टक्. थोडं थांबून पुन्हा, टक — टक्. पहिला हलका, दुसरा जोरात.

बॉनेटच्या फटीतून मला मिश्राजींचे हात दिसत होते. रिकामे. डॉक्टर लांब उभे होते.

मी चावी फिरवली. इंजिन बंद.

"किसने बोला बंद करने को?" मिश्राजी ओरडले.

"दादा ने," माझ्या तोंडून निघून गेलं.

मिश्राजींनी पट्टा परत चढवला, गाडी चालू केली. आवाज गेला होता, तो पुन्हा कधी आला नाही. "देखा साहब, पकड़ लिया न," मिश्राजी डॉक्टरांना म्हणाले. मला त्यांच्या तोंडावर पाना फेकावासा वाटला.

घरी बाबांना हळू आवाजात सांगितलं. पण आईने ऐकलं. तिने गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसली.

बाबांनी डबा मोरीत भिरकावला. "शिकवलं कशाला तुला? मायसमोर हे बोलून राहिला?"

"तुमच्या कारखान्यातून रोज ट्रक वर जाऊन राहिले," मी म्हणालो, "मग वरून एक खबर खाली काहून येत नाही?"

बाबांशी मी असा कधी बोललो नव्हतो. ते तसेच शिफ्टला निघून गेले, डबा न घेता. आईने जेवण सोडलं. मला सगळ्यांचाच राग येत होता. जो ठोका ऐकून मी काहीच करू शकत नव्हतो, तो मलाच काहून ऐकवला?

नंतर कॉलेजात सरांना विचारलं. ते म्हणाले, रेझोनन्स असेल. असेल. न फिरणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये कसला रेझोनन्स, ते मला कळत नाही.

मग एका दुपारी शेजारच्या दुबे आंटींनी खिडकीतून हाक मारली — फोन आहे. धावत गेलो. दादाच होता.

"काहून रडून राहिला बे? ठीक आहो मी. आईला बोलाव."

आई मागून येतच होती. तेवढ्यात मी विचारून घेतलं, "दादा, तिकडेही तुम्ही ठोकूनच सांगता का?"



"तुला कोणी सांगितलं? बिजूला शिकवलं होतं मी. माझ्या हाताखालचा केरळचा पोरगा, हिंदी येत नव्हती धड. हुबेहूब माझ्यासारखा ठोकायचा."

"ठोकायचा?"

"गेला बे तो. जॅकेटची बाही पट्ट्यात अडकली त्याची." कोणत्या दिवशी, तेही त्याने सांगितलं. मिश्राजींनी पट्टा काढला तोच दिवस. "दोन ठोके देत होता म्हणे. बाकीच्यांनी ऐकले. वरून गोळे पडून राहिले होते… स्टिअरिंगवर मी होतो बे. मला ऐकूच आलं नाही."